न विटलेली रिबीन

१

साहेबांनी माझ्या टेबलावर ब्रेडचा एक काप ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

कापाच्या कडेला हिरवा ठिपका होता. टाचणीच्या डोक्याएवढा. पण एकदा दिसला की मग तोच दिसतो, ब्रेड दिसतच नाही.

"हॉस्पिटलच्या किचनमधून परत आलाय," साहेब म्हणाले. "पाकिटावरची तारीख संपायला अजून वेळ आहे. आजारी माणसं खातात हा ब्रेड."

"एकच आला?"

"एक असता तर मी उठून आलो असतो का? क्रेटच्या क्रेट परत आलेत. आणि ही दुसरी खेप."

आमचा कारखाना ब्रेडचा, माझं काम तपासणीचं. लॅब म्हणजे एक खोली, एक फ्रीज, बुरशी वाढवून बघायची एक कोमट पेटी आणि मी. कॉलेज अर्ध्यात सुटलं. बाकीचं मोबाइलवर बघून आणि जुनी पुस्तकं वाचून शिकलो, चुकतमाकत. साहेबांना हे सगळं माहीत होतं, तरी त्यांनी मला ठेवून घेतलं. त्यामुळे त्यांचा उतरलेला चेहरा बघून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"पुढच्या सोमवारी हॉस्पिटलवाले बघायला येतायत," ते म्हणाले. "कारण काय ते सांगावं लागेल, आणि आम्ही काय केलं तेही." मग माझ्याकडे न बघता, "गार खोलीची सफाई मी दुसऱ्यांना देतोय. मावशींना सांगितलंय, सोमवारपासून येऊ नका."

गार खोली म्हणजे भट्टीतून निघालेला ब्रेड जिथे निवतो ती खोली. तिची सफाई मावशींकडे. अख्खा कारखाना त्यांना मावशी म्हणतो.

मी म्हणत नाही. ती माझी आत्या आहे.

२

आत्या कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून एप्रनच्या घड्या घालत होती. घातलेली घडी मोडून परत घालत होती.

"कळलं वाटतं," ती म्हणाली.

"तू काहीच बोलली नाहीस त्यांना?"

"काय बोलू? ब्रेड खराब निघाला हे खरंच आहे. त्यांनी काय घरी बसून हिरवा रंग लावला?"

"पण तुझी काय चूक?"

"ते मला काय माहीत. तपासनीस तू." तिनं घडी मांडीवर दाबली. "काम गेल्याचं एवढं नाही रे. गुडघे कुरकुरतातच हल्ली. पण माझ्या खोलीतली घाण आजारी माणसाच्या ताटात गेली म्हणतात, ते काही घशाखाली उतरत नाही."

आई गेली तेव्हा मी लहान होतो. मला आत्यानं वाढवलं. घरात चप्पल घालून शिरलो म्हणून तिनं मला पूर्ण घर पुसायला लावलेलं आहे, तेही तापातून उठल्या उठल्या. तिच्या हातून घाण राहिली, हे मला पटतच नव्हतं.

"मी शोधून काढतो," मी म्हणालो.

"काढ. पण माझ्यासाठी खोटा रिपोर्ट करू नकोस. केलास तर जेवायला दुसरीकडे जायचं."

मग तिनं मला गार खोली दाखवायला नेलं. जसं काही मी ती कधी बघितलीच नव्हती.

खोलीत चाकांचे उंच रॅक उभे होते, ब्रेडनं भरलेले. हे रॅक नवीन, माणसापेक्षा उंच. वरच्या खणाला हात पुरावा म्हणून भिंतीलगत एक लोखंडी चौथरा केलेला. चौथऱ्याच्या वर, भिंतीवर बराच उंच, निळा दिवा. तो हवा साफ करणारा दिवा. त्याचा उजेड खाली माणसांवर पडू नये म्हणून पुढे तिरप्या पट्ट्या असतात, उजेड फक्त वरच्यावर आडवा फिरतो. पंखा खोलीतली हवा खालून वर ढकलतो, ती त्या उजेडातून जाते आणि हवेतले बुरशीचे कण मरतात. असं आपलं साधं आहे.

समोरच्या भिंतीवर, दिव्याच्याच उंचीला, पंख्याची जाळी. जाळीला लाल रिबीन बांधलेली. रिबीन फडफडली की पंखा चालू आहे हे खालून कळतं. ही आत्याचीच पद्धत.

"बघ," ती वर बघत म्हणाली, "या वेळी रिबीन काय चांगली मिळालीये. नाहीतर बघता बघता विटून पांढरी पडायची. ही बांधून किती दिवस झाले, अजून जशीच्या तशी. त्या दुकानदाराला सांगणार होते, असलीच देत जा म्हणून." मग नजर खाली आणली. "आता कुणाला सांगायचं."

मी मान हलवली. रिबिनीकडे कोण लक्ष देतो.

३

पहिल्यांदा सोपं होतं ते उरकलं.

गाडीवाला म्हणतो, माझ्या गाडीत उन्हानं काही झालं असेल तर मला फाशी द्या. फाशीची गरज नव्हती. रोजच्या मालातली थोडी पाकिटं मी लॅबच्या कपाटात ठेवतो. ती कुठल्याच गाडीत बसत नाहीत. कपाट उघडून बघितलं तर त्यांच्यावरही हिरवे ठिपके. म्हणजे बुरशी पाकीट बंद व्हायच्या आत बसली होती. गाडीवाला सुटला.

मग उस्ताद. भट्टी त्यांची. भट्टीतून ब्रेड बाहेर येतो तेव्हा त्याच्यावर बुरशी जिवंत राहूच शकत नाही, एवढा तापतो. पण उस्तादांना उकडतं. आणि गार खोलीला मागच्या अंगणात उघडणारं एक दार आहे.

"उस्ताद, खरं सांगा. वाऱ्यासाठी ते दार उघडता का?"

उस्ताद पिठाचे हात झटकत हसले. "त्या दाराशी तुझी आत्या उभी असते. तिथून माशीपण विचारून आत येते."

"ती नसताना?"

"ती नसताना मला जास्त भीती वाटते. एकदा मी कडी काढलेली तिनं वासावरून ओळखली होती." मग हसू आवरून म्हणाले, "अरे, मी चिडतो तिच्यावर. सगळ्यांसमोर भांडतो. पण ती गेली तर मी कुणाशी भांडू? नीट बघ रे जरा."

मी नीट बघितलं. गार खोलीची फरशी, भिंती, रॅकचे कोपरे, सफाई झाल्या झाल्या सगळीकडून ओल्या बोळ्यानं पुसून नमुने प्लेटवर घेतले. आणि हवेसाठी खोलीत ठिकठिकाणी उघड्या प्लेट ठेवल्या. त्यात खाऊ असतो, बुरशीचा. हवेतून जे पडेल ते दोन-तीन दिवसांत उगवून वर येतं.

त्या दोन-तीन दिवसांत आत्या रोज जेवताना माझ्याकडे बघायची आणि काही विचारायची नाही. फक्त भाजी जास्त वाढायची.

मग प्लेट काढल्या.

फरशीच्या, भिंतींच्या, रॅकच्या प्लेट कोऱ्या होत्या. आत्याच्या खोलीत खाली कुठेही काही नव्हतं.

हवेच्या प्लेट हिरव्यागार होत्या.

४

साहेबांनी दोन्ही प्रकारच्या प्लेट खिडकीशी धरून बघितल्या.

"खाली स्वच्छ आहे हे मान्य," ते म्हणाले. "पण मग हवा खराब कशी? दिवा चालू आहे. मी स्वतः रोज बघतो, निळा उजेड दिसतो. दिवा चालू असून हवा घाण, म्हणजे कुणीतरी कोरडा झाडू मारून धूळ उडवतंय. किंवा दिव्यावर धूळ साचलीये. दोन्ही कामं मावशींची."

"आत्या कोरडा झाडू मारत नाही."

"बाबा रे," साहेब हळू आवाजात म्हणाले, "ती तुझी आत्या आहे. मी विश्वास ठेवतो तुझ्यावर. हॉस्पिटलवाले ठेवतील का?"

मी प्लेट उचलल्या.

दिव्यावरची धूळ मात्र तपासता येण्यासारखी होती. हा दिवा बंद करून दर आठवड्याला स्पिरिटच्या फडक्यानं पुसावा लागतो. मी आत्याला विचारलं, शेवटचा कधी पुसलास.

"मी कुठे पुसते आता? वायरमन पुसतात. मागेच म्हणाले, तुमच्या गुडघ्यांना शिडी नको, हे माझ्याकडे द्या. चांगला माणूस आहे." हे सांगताना तिनं केस सारखे केले. मी बघितलं नाही असं दाखवलं.

वायरमन काका म्हणजे कारखाना सुरू झाला तेव्हापासूनचे. निळा दिवा बसवला त्यांनीच. त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. तेव्हापासून घरात ते आणि सून. सून आमच्याकडेच, गार खोलीत चौथऱ्यावर उभी राहून वरच्या खणातला ब्रेड उतरवते. कारखान्यात तिच्याइतकं उंच कुणीच नाही, पुरुषांतही नाही. सगळे तिला शिडी म्हणायचे. काकांच्या कानावर गेलं तेव्हा ते सगळ्यांच्या टेबलापाशी जाऊन एवढंच म्हणाले, "माझी सून आहे ती." तेव्हापासून सगळे वहिनी म्हणतात.

काका पॅनेलपाशी स्टुलावर बसून वायर सोलत होते.

"काका, निळा दिवा नीट पुसला जातो ना?"

"दर आठवड्याला. का?"

"हवा खराब निघालीये."

त्यांचे हात थांबले. "दिवा चालू आहे. मी पेटवतो रोज."

"मी एकदा वर चढून बघू?"

"कशाला?" ते पटकन म्हणाले. मग सावरले. "म्हणजे, तुला सवय नाही. तो उजेड डोळ्यांना वाईट. मी बघतो ना."

काकांनी आजवर मला कधी कुठली गोष्ट हाताळायला नाही म्हटलेलं नव्हतं. फ्यूज बदलायला त्यांनीच शिकवलं.

मी तिथून निघालो तेव्हा ते वायर सोलत नव्हते. गार खोलीच्या दाराकडे बघत होते.

५

दुपारी सकाळची पाळी सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. काका कामावरच होते. खरं सांगायचं तर म्हणूनच गेलो. दिवसभर त्या दिव्याच्या सगळ्यांत जवळ वहिनी असतात, त्यांनी काही बघितलं असेल तर विचारायचं होतं.

दोन खोल्यांचं घर. दाराची चौकट वहिनींना कमी पडते, सवयीनं वाकून बाहेर आल्या.

"या ना. मामंजी अजून यायचेत."

"तुमच्याशीच बोलायचं होतं."

चहा ठेवला. मी बसलो त्याच्या समोरच्या भिंतीवर मुलाचा फोटो, मोठा करून घेतलेला. हसरा माणूस. चहा गाळता गाळता वहिनींनी हात पुसला आणि मऊ कोरड्या फडक्यानं फोटोचा कागदच हलके पुसला. त्याला काच नव्हती. चौकट होती, काच नव्हती.

"काच फुटली," मी बघतोय हे बघून त्या म्हणाल्या. "मामंजींच्या हातून. नवी आणतो म्हणतात, विसरतात. मी आठवण करत नाही. त्यांना वाईट वाटेल."

मी त्यांना विचारलं, चौथऱ्यावर असताना धूळ उडताना दिसते का, कुणी झाडताना दिसतं का.

"मावशी? त्या तर आम्हाला पाय आपटू देत नाहीत." हसल्या. मग हसू मावळलं. "त्यांचं काही होणार नाही ना? माझं कुणाला काही सांगितलं नाही त्यांनी, पण त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला आणि बोटं ओट्यावर फिरवत राहिल्या.

"माझे डोळे बिघडले होते मध्ये. नवे रॅक आले ना, त्यानंतर. कामावर काही नसायचं, घरी आल्यावर सुरू व्हायचं. डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं. लाल व्हायचे, पाणी वाहायचं, दिवा लावला तरी सहन व्हायचं नाही. मला वाटलं, नजर चालली माझी. मावशींनी एकदा येताना गॉगल बघितला, विचारलं. मी म्हटलं सांगू नका. कामावरून काढलं तर मी दिवसभर या घरात काय करू?"

"मग डॉक्टरकडे गेलात?"

"नाही. आपोआप बरे झाले. एके दिवशी थांबलंच. आता काही नाही, बघा."

त्यांचे डोळे खरंच स्वच्छ होते.

चहा माझ्या हातात तसाच निवला. कारण हे मी वाचलं होतं. तो निळा उजेड डोळ्यांवर पडला तर तेव्हा काही कळत नाही. काही तासांनी कळतं. वाळू टाकल्यासारखं. वहिनी उंच, त्यात चौथऱ्यावर उभ्या, म्हणजे डोकं थेट उजेडाच्या पट्ट्यात. त्यांचे डोळे दुखणं बरोबर होतं.

थांबणं बरोबर नव्हतं. चौथरा तोच, दिवा तोच, त्या तेवढ्याच उंच. मग थांबलं का?

आणि तिथे बसल्या बसल्या मला रिबीन आठवली.

६

मी धावतच परत आलो. धावताना सगळं जुळत होतं.

रिबीन त्या उजेडानं विटायची, आता विटत नाही. वहिनींचे डोळे त्या उजेडानं दुखायचे, आता दुखत नाहीत. बुरशी त्या उजेडानं मरायची, आता मरत नाही. तिघांना लागणारी गोष्ट एकच होती, आणि ती लागायची बंद झाली होती. दिवा निळा दिसत होता म्हणून आम्ही सगळे तो काम करतोय असं धरून चाललो होतो. पण डोळ्यांना दिसतो तो नुसता निळा रंग. मारणारा उजेड वेगळा, तो दिसतच नाही.

सकाळची पाळी सुटली होती. खोली रिकामी. दाराबाहेरचं बटण बंद केलं, दिवा विझल्याचं बघितलं आणि चौथऱ्यावर चढलो. दिवा डोळ्यांच्या उंचीला यावा म्हणून वर शिडी लावली. पट्ट्यांच्या फटीतून बोट आत घातलं.

दिव्याच्या नळीला लागायच्या आत बोट कशाला तरी लागलं. गार, गुळगुळीत.

काच.

पट्ट्यांच्या मागे, नळीच्या पुढे, कुणीतरी नीट मापात काच बसवली होती. कोपऱ्यांना रबराचे तुकडे, वाजू नये म्हणून. काम करणाऱ्याचा हात साफ होता. आणि काचेच्या चारी कडांना बोटभर रुंद पट्टा बाकीच्या काचेपेक्षा उजळ होता. वर्षानुवर्षं ती काच कुठल्यातरी चौकटीत बसलेली होती.

ती चौकट मी नुकतीच बघून आलो होतो.

साधी काच. तिच्यातून निळा रंग आरपार जातो. मारणारा उजेड जात नाही. एक थेंब नाही.

"उतर खाली," मागून आवाज आला. "पडशील."

काका दारात उभे होते.

७

मी उतरलो. ते चौथऱ्याच्या पायरीवर बसले, मीही शेजारी बसलो. 

"तुम्ही लावलीत," मी म्हणालो.

"हो."

"वहिनींच्या डोळ्यांसाठी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तिनं सांगितलं तुला? मला नाही सांगितलं कधी." मग समोर बघत बोलायला लागले. "रोज संध्याकाळी तिचे डोळे लाल. पाणी चाललेलं. विचारलं की म्हणायची, काही नाही. मला वाटलं रडते, माझ्या पोरासाठी. मग मी पण काही बोलायचो नाही. दोघं गप्प बसून जेवायचो. असे किती दिवस गेले. मग सुट्टीच्या दिवशी बघितलं, डोळे पांढरेशुभ्र. पुढच्या सुट्टीला परत तेच. म्हटलं, माणूस काय फक्त ड्यूटीच्या दिवशी आठवतो?"

"तेव्हा कळलं."

"तेव्हा कळलं. दिवा मी बसवलेला. चौथरा आला त्या दिवशी मी वर बघायला हवं होतं, नाही बघितलं."

"साहेबांना सांगायचं होतं ना, काका."

"सांगितलं असतं तर तिला इथून हलवलं असतं, नाहीतर घरी बसवलं असतं. तू तिला घरी बघितलंस. माहेरी जा म्हटलं तर म्हणते, तुम्हाला चहा कोण देणार. इथे या चौथऱ्यावर ती हसते. खालच्या पोरींना वरून पाव दाखवून चिडवते. दुसरीकडे कुठे हसत नाही." त्यांनी हात गुडघ्यांवर घासले. "म्हटलं, पत्रा लावला तर दिवाच झाकला जाईल. काच लावू. उजेडही जाईल, चटकाही लागणार नाही. गाडीची काच लावली की वारा लागत नाही, पण बाहेरचं दिसतंच की."

आता पुढचं मलाच सांगायचं होतं. 

"काका, जो उजेड वहिनींना चटका देतो, तोच बुरशीला मारतो. दोन वेगळे नाहीत. काचेनं वहिनींना वाचवलं, म्हणजे काचेनं त्याला अडवलं. सगळ्यालाच. दिवा लावलात त्यापुढे भिंतच बांधलीत तुम्ही."

ते ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू पोचताना मी बघितलं. तसं बघणं वाईट असतं.

"म्हणजे हॉस्पिटलचा ब्रेड," ते म्हणाले.

"हो."

"आणि तुझी आत्या."

मी वर दिव्याकडे बघितलं. खरं म्हणजे माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. काच गुपचूप काढली तर वहिनींचे डोळे जातील. सांगितलं तर काका जातील. गप्प बसलो तर आत्या जाईल. कुणाला वाचवायचं हे ठरवणारा मी कोण?

काकांनी मला ठरवूच दिलं नाही. उठले, शिडी चढले, पट्ट्या सोडवल्या, रबराचे तुकडे एकेक करून काढून खिशात घातले आणि काच दोन्ही हातांनी खाली आणली. बटणावर कागद चिकटवला, कुणी लावू नये म्हणून.

"काका," मी विचारलं, "दुसरी काच नव्हती? त्याच्याच फोटोची का?"

"मापात बसत होती." काचेची कड अंगठ्यानं पुसली. "आणि वाटलं, तिच्यासमोर आडवं उभं राहायचं काम त्याचंच होतं."

काच छातीशी धरून ते साहेबांच्या खोलीकडे चालायला लागले. मी मागोमाग गेलो.

८

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.  काकांनी सांगून झाल्यावर काच टेबलावर ठेवली आणि उभे राहिले, किल्ल्यांचा जुडगा हातात तयार ठेवून.

साहेबांनी किल्ल्यांकडे बघितलं. मग मला विचारलं, "तो चौथरा तिथे ठेवायचं कुणी ठरवलं होतं?"

मला माहीत होतं. म्हणून मी छताकडे बघितलं.

"मीच," साहेब म्हणाले. "रॅक आले त्या दिवशी मी बोट दाखवून म्हटलं, इथे करा. मी वर बघितलं का? नाही. त्यांनी बघितलं का? नाही. तू?"

"नाही," मी म्हणालो.

"आणि तिथे ती बाई रोज डोळे जाळून घरी जात होती, आणि आपण सगळे ब्रेडचा काप बघत होतो." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किल्ल्या ठेवा खिशात. पण हे विसरणार नाही मी. लपवलंत ते चुकलंच. यापुढे कारखान्यात खिळा जरी हलला तरी पहिल्यांदा तुम्ही तिथे जाऊन उभं राहायचं, वर बघायचं, मग बाकीच्यांनी."

"आणि सून?" काकांचा आवाज एवढासा झाला.

"तिला आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. मग चौथरा हलवायचा. तिला हलवायचं मी कधी म्हटलं?"

चौथरा पलीकडच्या भिंतीला गेला. दिवा आणखी वर चढवला. वहिनींना चौथऱ्यावर ताठ उभं करून काकांनी स्वतः चारही बाजूंनी बघितलं, उजेड त्यांच्या डोक्यावरून हातभर वरून जातोय याची खात्री होईपर्यंत. मग मी तो न दिसणारा उजेड पडला की रंग बदलणारं कार्ड धरून परत तपासलं. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, वेळेत थांबलं.

सोमवारी हॉस्पिटलवाले आले तेव्हा साहेबांनी काहीच लपवलं नाही. जुन्या प्लेट दाखवल्या, काय चुकलं ते सांगितलं. नव्या प्लेट तयार झाल्यावर पाठवतो म्हणाले. त्यांच्यातल्या एक बाई दिव्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, आमच्याकडेही असलेच दिवे आहेत, आज जाऊन बघते कोण कुठे उभं राहतं ते. नव्या प्लेट कोऱ्या निघाल्या आणि हॉस्पिटलला ब्रेड पुन्हा जायला लागला.

काच साहेबांपुढे ठेवली त्याच संध्याकाळी आत्याला मी घरी सगळं सांगितलं, साहेबांनी तिचं काम तिच्याकडेच ठेवलंय हेही. तिनं ऐकलं, उठून तोंड धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा काकांना गाठलं.

"माझ्या गुडघ्यांना शिडी नको म्हणे," ती म्हणाली. "मला वाटलं माणसाला काळजी आहे."

काकांनी मान खाली घातली. "काळजी पण होती."

"पण?"

"आधी होती. मग काच लावली."

आत्यानं जरा वेळ त्यांना तसंच उभं ठेवलं. मग स्पिरिटचं फडकं त्यांच्या हातात दिलं. "पुसा. मी शिडी धरते. या खेपेला मी बघणार."

काच घरी परत गेली. मी होतो तेव्हा. काकांनी वहिनींना खरं सांगितलं, काच फुटली नव्हती, कुठे होती आणि कशासाठी. वहिनींनी ऐकलं. चौकट उतरवली, काच दोन्ही बाजूंनी पुसली, बसवली. मग फोटो परत टांगताना हात वरच राहिला त्यांचा, खिळ्यापाशी. त्यांचे डोळे भरून आले होते.

काका घाबरले. "परत दुखतात का?"

"नाही मामंजी," त्या म्हणाल्या. "आज खरंच रडतेय."

त्या संध्याकाळी ते दोघं जेवताना खूप वेळ बोलत बसले, असं वहिनींनी आत्याला सांगितलं आणि आत्यानं मला.

परवा आत्यानं मला गार खोलीत हाक मारली. मी धावत गेलो, म्हटलं काय झालं. ती कमरेवर हात ठेवून वर बघत होती. जाळीवरची रिबीन फडफडत होती. कडेनं पांढरी पडायला लागली होती.

"विटली," आत्या म्हणाली. पोरगं पास झाल्यावर शेजाऱ्यांना सांगतात ना, तशी.